पाकिटात खरंच २०० ग्रॅम आहेत का? परिकल्पना चाचणी मांडायची आणि वाचायची रीत

इंदुरातल्या कुठल्याही नमकीन कारखान्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच: शेव भरणाऱ्या मशीनची दुरुस्ती झाली, आता पाकीट बरोबर भरतंय ना? मालक काका चार पाकिटं काट्यावर ठेवतात. एक १९८ ग्रॅम भरतं, एक २०१, दोन १९९. एक जण म्हणतो मशीन कमी भरतंय, दुसरा म्हणतो एवढं पुढंमागं व्हायचंच. दोघांसमोर पाकिटं तीच असतात, आणि दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं असतं.

हा वाद आवाज न चढवता मिटवण्याची शिस्त म्हणजे परिकल्पना चाचणी. बी.कॉम., बी.एस्सी., एम.बी.ए. करणाऱ्या मुलांना ती सूत्रांच्या रूपात शिकवली जाते. परीक्षेत त्यांना चाचणीचा “टी” हा आकडा काढता येतो, पण स्वतःच्या प्रोजेक्टात आकडे समोर आले की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मी इथल्या लहान उद्योगांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी हे काम करतो. माझं ठाम मत आहे की चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा आकडे हाती येण्याआधीच, म्हणून या लेखात त्या आधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे. आकडेमोड एक्सेल करून देतं.

प्रश्न नेमका करा

“मशीन बरोबर आहे का?” हा प्रश्न चाचणीला देता येत नाही. बरोबर म्हणजे सरासरी बरोबर? की प्रत्येक पाकीट बरोबर? की पाकिटापाकिटांतला कमीजास्तपणा आटोक्यात? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. पाकीटबंद मालाचे २०११ चे वैधमापन नियमसुद्धा सरासरी आणि एकेक पाकीट या दोन्हींकडे स्वतंत्रपणे पाहतात. सरासरी छापलेल्या वजनाखाली जाता कामा नये, आणि एकेका पाकिटातली तूट ठरावीक मर्यादेत हवी. २०० ग्रॅमच्या पाकिटाला ही मर्यादा ९ ग्रॅम आहे.

आपण सरासरीचा प्रश्न घेऊ आणि तो असा लिहू: दुरुस्तीनंतर या मशीनवर भरल्या जाणाऱ्या २०० ग्रॅम शेवेच्या पाकिटांचं सरासरी निव्वळ वजन २०० ग्रॅम आहे का? यातला एकही शब्द फुकट नाही. “दुरुस्तीनंतर” म्हटल्यामुळे आधीचा माल बाद झाला. “या मशीनवर” म्हटल्यामुळे शेजारच्या मशीनची पाकिटं नमुन्यात येणार नाहीत. “निव्वळ” म्हटल्यामुळे रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करावं लागेल.

आता दोन विधानं. शून्य परिकल्पना: सरासरी निव्वळ वजन २०० ग्रॅम आहे. पर्यायी परिकल्पना: ते २०० ग्रॅम नाही. बरोबरीचं चिन्ह नेहमी शून्य परिकल्पनेत जातं, कारण पुढचं सगळं गणित “समजा हे विधान खरं आहे” असं धरून होतं, आणि गणिताला धरायला एक नेमका आकडा लागतो. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टात मला वारंवार दिसणारी गोष्ट म्हणजे “नमुन्याची सरासरी २०० आहे” ही शून्य परिकल्पना. नमुन्याची सरासरी तर डोळ्यांसमोर असते, तिची परिकल्पना कशाला करायची? परिकल्पना त्या सगळ्या पाकिटांबद्दल असते जी आपण उघडून पाहिलेली नाहीत.

पर्यायी परिकल्पना एकतर्फी (फक्त कमी, किंवा फक्त जास्त) घ्यायची की दुतर्फी (कमी किंवा जास्त, काहीही), हेही इथेच ठरतं. काका म्हणतील, “अरे, कमी भरतंय का तेवढंच सांग.” पण पाकिटामागे एक ग्रॅम जास्त गेला तर दहा हजार पाकिटांत दहा किलो शेव फुकट जाते, आणि तेही त्यांना कळायला हवंच आहे. म्हणून इथे दुतर्फी. माझा नियम साधा आहे: उलट बाजूचा निकाल आला तरी आपण काहीच वेगळं करणार नसू, तरच एकतर्फी घ्यावी. आकडे पाहून मग एकतर्फी करणं तर कधीच नाही. तसं केल्याने पी-मूल्य (ज्या आकड्यावरून निकाल ठरतो तो, अर्थ पुढे येतोच) एका फटक्यात अर्धं होतं आणि चाचणी खोटी ठरते.

दोन प्रकारच्या चुका, आणि नमुना किती मोठा

मशीन ठीक असताना आपण ते बिघडलंय म्हटलं, तर काम थांबेल, मिस्त्री येईल, अर्धा दिवस जाईल. मशीन खरंच कमी भरत असताना आपण ठीक म्हटलं, तर ग्राहकाला कमी माल जाईल आणि तपासणीत कारखाना अडकेल. पहिल्या चुकीची जास्तीत जास्त किती शक्यता आपण पत्करतो, ती सार्थकता पातळी. बहुतेक ठिकाणी ५ टक्के लिहिलेली दिसते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली. त्यामागे निसर्गाचा कुठलाही नियम नाही. चुकीची घंटा फार महाग पडणार असेल तर १ टक्का घ्या. निकालावरून फक्त आणखी पाकिटं मोजायची की नाही एवढंच ठरणार असेल तर १० टक्केही चालेल. पण जी घ्याल ती आधी घ्या.

दुसऱ्या चुकीकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत तिथेच वाया जाते. फरक खरोखर असेल तर तो पकडण्याची शक्यता म्हणजे चाचणीची ताकद. ती निदान ८० टक्के असावी, असा संकेत आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, किती फरक आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही, काकांनाच सांगावं लागतं. समजा ते म्हणाले, “एक ग्रॅमचा फरक असेल तर मला कळायला हवा.” दुसरी, पाकिटापाकिटांत मुळात किती चढउतार असतो. हा चढउतार मोजणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. जुन्या नोंदवहीवरून ते साधारण १.३ ग्रॅम निघतं असं धरू.

दुतर्फी चाचणी, ५ टक्के पातळी आणि ८० टक्के ताकद असेल तर अंदाजाचं सूत्र असं: प्रमाण विचलनाला महत्त्वाच्या फरकाने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि त्याला ७.८५ ने गुणा. १.३ चा वर्ग १.६९, गुणिले ७.८५ म्हणजे १३.३. लहान नमुन्यासाठी वर दोन-तीन धरले की १६ पाकिटं पुरतात. काकांनी एक ग्रॅमऐवजी अर्धा ग्रॅम म्हटलं असतं तर हाच आकडा ५५ च्या आसपास गेला असता, कारण फरक निम्मा केला की नमुना चौपट लागतो. प्रोजेक्ट सुरू करण्याआधी एवढं गणित केलं तर तीन महिन्यांनी “काहीच सार्थक निघालं नाही” म्हणून रडायची पाळी येत नाही.

१६ पाकिटं आणायची कुठून

वरच्या खोक्यातली हाताला लागली ती सोळा पाकिटं घेतली तर पुढचं सगळं व्यर्थ. एकापाठोपाठ भरलेली पाकिटं एकमेकांसारखी असतात. हॉपरमध्ये शेव तेवढीच असते, तळणीचा घाणा तोच असतो, शेवेचा जाडेपणाही तोच. अशी सोळा पाकिटं मोजली तरी माहिती चार-पाच पाकिटांइतकीच मिळते. सूत्राला मात्र ती सोळा स्वतंत्र निरीक्षणं वाटतात, आणि ते खोटा आत्मविश्वास देतं.

दिवसभरात समजा ४,००० पाकिटं निघणार असतील, तर मोबाइलवर १ ते ४,००० मधल्या १६ यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, संख्या काढा, चढत्या क्रमाने लावा आणि तेवढ्याव्या क्रमांकाचं पाकीट बाजूला काढायला सांगा. मशीनवर मोजणीचा आकडा असतोच. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, आणि मोजण्याआधी व मोजून झाल्यावर प्रमाणित वजन ठेवून तपासलेला हवा. काटाच अर्धा ग्रॅम कमी दाखवत असेल तर ते कुठल्याही चाचणीला कळणार नाही.

दोन गटांची तुलना असेल तर नुसती यादृच्छिक निवड पुरत नाही, कोणाला कोणत्या गटात टाकायचं हेही चिठ्ठ्या टाकूनच ठरवावं लागतं. इथे इंदूरकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. सेंद्रिय खताची जी रीत जगभर “इंदूर पद्धत” म्हणून ओळखली जाते, ती त्याच काळातली. त्याच दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतावर फिशर हाच विचार करत होते की खताचा परिणाम जमिनीच्या मुळातल्या फरकापासून वेगळा काढायचा कसा. त्यांचं उत्तर होतं, कुठल्या तुकड्याला कुठलं खत हे नशिबावर सोपवा. चांगल्या जमिनीला नवं खत आणि पडीक तुकड्याला जुनं, असं केलं तर पीक कशामुळे वाढलं हे नंतर कितीही गणित करून सांगता येत नाही. कोचिंग क्लासमध्ये हुशार तुकडीला नवी पद्धत आणि दुसरीला जुनी, असा “प्रयोग” करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मोजण्याआधी लिहून ठेवायचा कागद

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक कागद लिहायला लावतो, खाली तारीख आणि सही. आपल्या उदाहरणात तो असा असेल:

*प्रश्न: दुरुस्तीनंतर मशीन क्र. २ वरच्या २०० ग्रॅम शेवेच्या पाकिटांचं सरासरी निव्वळ वजन २०० ग्रॅम आहे का? शून्य परिकल्पना: आहे. पर्यायी: नाही (दुतर्फी). सार्थकता पातळी ५ टक्के. नमुना १६ पाकिटं, एका पूर्ण दिवसातून यादृच्छिक क्रमांकांनी. महत्त्वाचा फरक १ ग्रॅम. चाचणी: एका नमुन्याची टी-चाचणी. पाकीट फाटलेलं असेल तर ते नोंदवून त्याच्या लगेच पुढचं घेणे. शून्य परिकल्पना नाकारली गेली तर मशीनची मांडणी बदलून नव्या १६ पाकिटांवर पुन्हा चाचणी. नाकारली गेली नाही तर मशीन चालू ठेवून दर आठवड्याची नेहमीची तपासणी.*

शेवटची दोन वाक्यं बघा. निकाल काहीही लागला तरी काय करायचं, हे वजन करण्याआधीच ठरलं आहे. दोन्ही निकालांवर आपण तेच करणार असू, तर चाचणीची गरजच नाही. सोळा पाकिटं फोडू नका.

आकडेमोड

सोळा निव्वळ वजनं (ग्रॅम) अशी आली:

१९८.६, २०१.२, १९७.९, १९९.४, २००.३, १९८.१, १९९.८, १९७.२, २००.९, १९८.८, १९९.१, २०१.५, १९८.३, १९९.६, १९७.७, २००.०

सूत्र लावण्याआधी एक आडवी रेघ काढून तिच्यावर सोळा ठिपके मांडा. एखादा ठिपका फार लांब पडलाय का, सगळे एका टोकाला चिकटलेत का, हे दोन मिनिटांत दिसतं. इथे ते १९७.२ ते २०१.५ मध्ये नीट पसरले आहेत. एखादं पाकीट १५० ग्रॅमचं निघालं असतं तर ते का, हे आधी शोधावं लागलं असतं. गुपचूप वगळायचं नाही.

सरासरी १९९.२७५. प्रमाण विचलन १.२९. एक्सेलमध्ये ते काढताना नमुन्याचं फंक्शन वापरा, म्हणजे शेवटी “डॉट एस” असलेलं, “डॉट पी” असलेलं नव्हे. आता प्रमाण त्रुटी: १.२९ भागिले १६ चं वर्गमूळ म्हणजे ४, उत्तर ०.३२३. सोळा-सोळा पाकिटांचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले तर त्यांच्या सरासरीत साधारण एवढी हालचाल होत राहील, असा याचा अर्थ. आपली सरासरी २०० पासून ०.७२५ ग्रॅम खाली आहे. ०.७२५ भागिले ०.३२३ म्हणजे २.२५, आणि सरासरी खाली आहे म्हणून टी उणे २.२५.

हा टी डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीतल्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये “स्टुडंट” या टोपणनावाने मांडला. त्यांची अडचण आपल्यासारखीच होती: नमुने लहान, आणि लहान नमुन्यावरून काढलेलं प्रमाण विचलनही डळमळीत. त्यामुळे टी कितीच्या पलीकडे गेला की शून्य परिकल्पना नाकारायची, ती मर्यादा थोडी सैल धरावी लागते. मोठ्या नमुन्यात ती १.९६ असते, १६ पाकिटांत (स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे नमुन्यातून एक वजा, १५) २.१३. आपला २.२५ तिच्या पलीकडे आहे. “टी डॉट डिस्ट डॉट टू-टी” या फंक्शनला २.२५ आणि १५ दिलं की पी-मूल्य ०.०४ येतं. ते ०.०५ पेक्षा कमी असल्याने शून्य परिकल्पना नाकारली.

०.०४ म्हणजे काय, आणि काय नाही

इथे थोडं थांबू, कारण शिकलेली माणसंही नेमकी इथेच घसरतात.

फिशर यांनी १९३५ मध्ये चहाचा एक प्रयोग मांडला होता: दूध आधी घातलंय की चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं एक बाई म्हणत. तोच शेवेवर करू. समजा एखादे जुने कारागीर म्हणतात, “घाण्याच्या शेंगदाणा तेलातली शेव आणि रिफाइंड तेलातली शेव, मी डोळे मिटून ओळखतो.” आठ वाट्या ठेवा, चारमध्ये एक, चारमध्ये दुसरी, क्रम चिठ्ठ्या टाकून. त्यांनी घाण्याच्या चार वाट्या निवडायच्या. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. त्यांना काहीही ओळखता येत नसेल, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असेल, तर चारही बरोबर येण्याची शक्यता ७० त एक, साधारण ०.०१४. हेच पी-मूल्य. चारापैकी तीनच बरोबर आल्या तर? नेमक्या तीन बरोबर येण्याचे १६ प्रकार, आणि चारही बरोबरचा एक, मिळून १७. भागिले ७० म्हणजे ०.२४. नुसत्या अंदाजानेही चारात एकदा जमेल असं हे काम, त्यामुळे त्यांचा दावा एवढ्यावर मान्य करता येणार नाही.

म्हणजे पी-मूल्य इतकंच सांगतं: शून्य परिकल्पना खरी धरली, तर आपल्या हाती आलाय इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता किती. आपल्या पाकिटांबाबत: सरासरी खरोखर २०० असती, तर सोळांची सरासरी २०० पासून ०.७२५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त लांब, कुठल्याही बाजूला, जाण्याची शक्यता शंभरात चार.

“मशीन बिघडलेलं असण्याची शक्यता ९६ टक्के” असा त्याचा अर्थ होत नाही. का, ते आकड्यांत बघा. समजा अशा १०० दुरुस्त्या होतात आणि त्यातल्या १० त मशीन खरंच बिघडतं. ८० टक्के ताकदीची चाचणी त्या १० पैकी ८ पकडेल. उरलेल्या ९० चांगल्या मशीनपैकी ५ टक्के, म्हणजे ४ किंवा ५, चुकून पकडली जातील. एकूण साडेबारा घंटा वाजल्या, त्यातल्या साडेचार खोट्या. घंटा वाजली तर ती खोटी असण्याची शक्यता तिथे ३६ टक्के निघाली. ही संख्या बिघाड मुळात किती होतात यावर ठरते, आणि पी-मूल्याला त्याचा पत्ताच नसतो. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ मध्ये पी-मूल्यांवर खास निवेदन काढलं, त्यातही हा गैरसमज ठळकपणे मांडला आहे.

म्हणून मी काकांना पी-मूल्य शेवटी सांगतो. आधी फरक किती आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो, ते सांगतो. ०.३२३ गुणिले २.१३१ म्हणजे ०.६९. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढं धरलं की १९८.५९ ते १९९.९६ ग्रॅम हा ९५ टक्के विश्वास अंतराल मिळतो. “काका, सरासरी तूट पाऊण ग्रॅमच्या आसपास आहे. ती दीड ग्रॅमच्या जवळ असू शकते, किंवा जवळजवळ नसूही शकते.” ते लगेच विचारतात, “मग स्क्रू किती फिरवायचा?” हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अंतरालातूनच मिळतं. ०.७ ग्रॅम वर घ्या, आणि कागदात लिहिल्याप्रमाणे नवी सोळा पाकिटं मोजा.

“सार्थक” म्हणजे मोठा किंवा महत्त्वाचा नव्हे. दहा हजार पाकिटं मोजली तर प्रमाण त्रुटी ०.०१३ होईल, आणि ०.०५ ग्रॅमची तूटही ठसठशीत सार्थक निघेल. पाकिटात शेवेचा एक तुकडा कमी पडला तरी फरक याहून जास्त होतो.

नाकारता आलं नाही, म्हणजे फरक नाही?

दुसरं उदाहरण. समजा रामबागेकडच्या एखाद्या मराठी वाचनालयाला बघायचंय की परतीच्या तारखेआधी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण पाठवली तर जास्त सभासद पुस्तकं वेळेवर परत करतात का. २४० सभासदांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. आठवण पाठवलेल्या १२० पैकी ६६ जणांनी वेळेवर परत केली (५५ टक्के), न पाठवलेल्या १२० पैकी ५१ जणांनी (४२.५ टक्के).

इथे मोजमाप ग्रॅममध्ये नाही, हो-नाहीत आहे, म्हणून काय-वर्ग (इंग्रजीत काय-स्क्वेअर) चाचणी. आठवणीचा काहीच परिणाम नसता तर दोन्ही गटांत ५८.५ जणांनी परत केली असती आणि ६१.५ जणांनी केली नसती. चारही खान्यांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक ७.५. प्रत्येक खान्यात त्याचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागा आणि बेरीज करा: ३.७५. ५ टक्के पातळीला इथली मर्यादा ३.८४. पी-मूल्य ०.०५३. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

आता कार्यकारिणीच्या बैठकीत एखादे भाऊसाहेब म्हणतील, “म्हणजे आठवणीचा काही उपयोग नाही, बंद करा.” हे वाचन चुकीचं आहे. फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल शून्याच्या किंचित खालून सुरू होतो आणि २५ टक्क्यांपर्यंत जातो. परिणाम मुळीच नसेल किंवा भरपूर असेल, दोन्ही या आकड्यांशी जुळतं. शिवाय ५५ आणि ४२.५ हाच खरा फरक असेल, तरी १२०-१२० च्या गटांत तो पकडण्याची ताकद जेमतेम ५० टक्के होती. ८० टक्क्यांसाठी प्रत्येक गटात सुमारे २५० सभासद लागले असते. प्रामाणिक निष्कर्ष असा: कल आठवणीच्या बाजूने आहे, पण पुरावा पुरेसा नाही. संदेश पाठवायला खर्च नसेल तर पाठवत राहायला हरकत नाही, आणि पुढच्या वेळी प्रयोग मोठा करावा.

तसंच उलटही. ०.०५३ आलंय म्हणून “जवळजवळ सार्थक” असं लिहू नका, आणि आणखी दहा-वीस सभासद घालून ०.०५ च्या खाली येतंय का हेही बघू नका. नवा नमुना घ्यायचा तर नव्या कागदासह, नव्याने.

पुन्हा पुन्हा डोकावणं

आकडे येत असताना मधेच चाचणी करून “सार्थक निघालं की थांबू” असं ठरवणाऱ्याला आपण ५ टक्क्यांची चूक पत्करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात सारख्या अंतरावर पाच वेळा डोकावलं की ती चूक १४ टक्क्यांवर जाते. वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या आणि कशातच खरा फरक नसला, तरी निदान एक तरी “सार्थक” निघण्याची शक्यता ६४ टक्के. प्रश्नावलीत वीस प्रश्न, त्यात मुलगे-मुली, शहर-गाव, आर्ट्स-कॉमर्स असे गट पाडून सगळ्यांची पी-मूल्यं काढायची आणि खाली आलेली दोन प्रकरणात मांडायची, ही सवय आपल्या प्रबंधांत फार आहे. मला ती मनापासून खटकते, कारण त्यावर पुढचा विद्यार्थी विश्वास ठेवतो. अनेक चाचण्या करायच्याच असतील तर सार्थकता पातळीला चाचण्यांच्या संख्येने भागा. पाच चाचण्या असतील तर प्रत्येकीला १ टक्का. हा उपाय कडक आहे, पण साधा आणि बचाव करता येण्याजोगा.

कुठली चाचणी कधी

एका गटाची सरासरी एखाद्या ठरलेल्या आकड्याशी ताडायची तर एका नमुन्याची टी. दोन वेगळ्या गटांच्या सरासरी ताडायच्या तर दोन नमुन्यांची टी, आणि त्यात एक्सेल विचारतं तेव्हा “असमान प्रचरण” (प्रचरण म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) हा वेल्चचा पर्याय निवडा. प्रचरणं समान असली तरी त्याने फारसं नुकसान होत नाही, नसली तर तो वाचवतो. तीन किंवा जास्त गट असले की दोन-दोनच्या टी-चाचण्या करत बसण्याऐवजी प्रचरण विश्लेषण (अनोव्हा). मोजणी हो-नाही किंवा प्रकारांत असेल तर काय-वर्ग, मात्र प्रत्येक खान्यात अपेक्षित संख्या साधारण पाचपेक्षा कमी नको. ती कमी असेल तर फिशरची अचूक चाचणी, म्हणजे वाट्यांसाठी केलं तेच गणित. नमुना लहान आणि आकडे एका बाजूला फार झुकलेले असतील तर क्रमांकांवर चालणारी मान-व्हिटनी.

यात जोडीची टी-चाचणी सगळ्यात जास्त विसरली जाते. दोन काटे सारखंच वजन दाखवतात का हे बघायचं तर तीच दहा पाकिटं दोन्ही काट्यांवर ठेवा, प्रत्येक पाकिटाचे दोन आकडे वजा करा, आणि त्या दहा फरकांवर एका नमुन्याची टी-चाचणी करा, शून्याशी ताडून. पाकिटापाकिटांतला चढउतार वजाबाकीत निघून जातो आणि काट्यांतला लहानसा फरकही उघडा पडतो. हीच मापं दोन वेगळे गट समजून तपासली तर १.३ ग्रॅमच्या चढउतारात तो फरक बुडून जातो. विद्यार्थ्यांचे आधीचे आणि नंतरचे गुण, रुग्णांचा औषधाआधीचा आणि नंतरचा रक्तदाब, सगळीकडे हेच.

निकाल लिहिताना

“पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी, म्हणून सार्थक” एवढं लिहून सोडू नका. नमुना कसा आणि किती, फरक किती, अंतराल काय, चाचणी कुठली, पी-मूल्य नेमकं किती, आणि पुढे काय करणार, एवढं हवं. पाकिटांचा अहवाल असा होईल: “दुरुस्तीनंतर एका दिवसातून यादृच्छिकपणे घेतलेल्या १६ पाकिटांचं सरासरी निव्वळ वजन १९९.२८ ग्रॅम (प्रमाण विचलन १.२९). २०० ग्रॅमच्या तुलनेत सरासरी तूट ०.७३ ग्रॅम, सरासरीचा ९५ टक्के विश्वास अंतराल १९८.५९ ते १९९.९६. एका नमुन्याची दुतर्फी टी-चाचणी, टी उणे २.२५, स्वातंत्र्यमात्रा १५, पी-मूल्य ०.०४. मशीनची मांडणी ०.७ ग्रॅमने वाढवली असून फेरतपासणी करायची आहे.” सोबत सोळाही वजनं, आधी सही केलेला कागद आणि फाटकी निघालेली पाकिटं असतील तर त्यांची नोंद जोडा. फेरतपासणीचा अहवाल त्याच फाइलमध्ये ठेवा, निकाल कसाही लागो.